आल्बाच्या दरवळात चार दिवस

पहिला दिवस : शुक्रवार

तुरिनहून निघालेली लोकल गाडी ब्रा स्थानक सोडून आल्बाच्या दिशेने निघाली तेव्हा सकाळचे दहा वाजून गेले होते, तरी खिडकीबाहेर धुके तसेच बसून होते. तानारो नदीवरचा पूल आम्ही ओलांडला, तो केवळ रुळांचा आवाज बदलला म्हणून कळला. ऑक्टोबरच्या अखेरीस इटलीच्या पिएमोंते प्रांतात येणाऱ्याला असे धुके भेटायचेच. इटालियनमध्ये धुक्याला ‘नेब्बिया’ म्हणतात, आणि येथील सर्वांत मानाच्या द्राक्षाचे ‘नेब्बिओलो’ हे नाव त्यावरूनच पडले असे पुष्कळजण मानतात. कोणी ते शरदातल्या धुक्याशी जोडतात, तर कोणी पिकलेल्या द्राक्षावर चढणाऱ्या पांढुरक्या लवेशी.

आम्ही दोघी बहिणी येथे आलो होतो त्या पांढऱ्या ट्रफलच्या आंतरराष्ट्रीय जत्रेसाठी. ट्रफल म्हणजे झाडांच्या मुळांशी, जमिनीखाली वाढणारे कवक. आल्बाची जत्रा ऑक्टोबरच्या सुरुवातीपासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत चालते आणि ट्रफलबरोबरच आसपासच्या लांगे आणि रोएरो या टेकड्यांवरच्या वाइन, चीज, हेझलनट असे सारेच तेथे चाखायला मिळते. गेली काही वर्षे मी वाइनविषयी वाचत होते, अधूनमधून चाखण्याच्या वर्गांनाही जात होते. पण वाचलेले शब्द आणि प्याल्यातला वास यांची गाठ काही केल्या पडत नव्हती. एखाद्या वाइनमध्ये गुलाब आणि डांबर यांचा वास येतो असे पुस्तकाने सांगावे आणि मला मात्र फक्त वाइनचाच वास यावा, ही माझी जुनी खंत होती. धाकटी बहीण मद्य घेत नाही. ती आली ती चीज आणि ट्रफल यांच्या ओढीने आणि, तिच्याच शब्दांत, “ताई, तुला गाडी चालवायला कोणीतरी हवेच ना,” म्हणून.

आल्बा हे लहान, चालत पालथे घालता येण्याजोगे शहर आहे. एकेकाळी शंभर बुरुजांचे म्हणून ओळखले जाणाऱ्या या गावात आता थोडेच बुरुज उरले आहेत, पण लाल विटांचे ते उंच चौकोनी मनोरे अजूनही रस्त्याच्या वळणावर अचानक समोर उभे राहतात. कॅथेड्रलच्या दर्शनी भिंतीवर चार शुभवर्तमानकारांची, म्हणजे येशूची चरित्रे लिहिणाऱ्या चौघांची, प्रतीके आहेत : देवदूत, सिंह, बैल आणि गरुड. इटालियनमध्ये त्यांची नावे अनुक्रमे ‘आंजेलो’, ‘लेओने’, ‘बूए’ आणि ‘आक्विला’. त्यांची आद्याक्षरे लागोपाठ ठेवली की शहराचेच नाव तयार होते. हे आम्हांला बाकावर बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी बोटांवर मोजत समजावून सांगितले, आणि मग तेथून हलण्याआधी आम्ही दोघींनी ती चारही शिल्पे पुन्हा नीट पाहिली. याच शहराने १९४४ च्या शरदात, १० ऑक्टोबर ते २ नोव्हेंबर असे तेवीस दिवस, फॅसिस्टांच्या ताब्यातून सुटून स्वातंत्र्य अनुभवले होते. आज ज्या चौकात माणसे निवांत कॉफी पीत बसली होती, तेथे तेव्हा हातात बंदुका घेतलेले स्वातंत्र्यसैनिक उतरले असतील, हा विचार दुपारभर माझ्या मनातून जाईना.

संध्याकाळी आम्ही तायारिन खाल्ले. केसासारख्या बारीक कापलेल्या या शेवया अंड्यांच्या पिवळ्या बलकात मळतात. एक किलो पिठाला तीस किंवा त्याहूनही अधिक बलक घालणारी घरे येथे आहेत, आणि म्हणून त्यांचा रंग गडद केशरी दिसतो. त्यांवर फक्त लोणी. वाढप्याने आधी टेबलावर छोटा तराजू ठेवला, एक ट्रफल तोलून त्याचे वजन आम्हांला दाखवले, मग खास पातीच्या किसणीने त्याच्या कागदासारख्या पातळ चकत्या आमच्या ताटांवर पाडल्या आणि उरलेला तुकडा पुन्हा तोलला. मधल्या फरकाचे पैसे बिलात धरले जातात. पांढरा ट्रफल शिजवत नाहीत. त्याचा वास ज्या द्रव्यांचा बनलेला असतो ती इतकी चंचल असतात की विस्तवावर ती उडून जातात. म्हणून पदार्थ गरम आणि ट्रफल कच्चा, अशी ही जोडी. ताटातून वर आलेल्या वाफेत लसूण होता, मध होता, वाळलेल्या गवताची गंजी होती आणि त्यांखाली आणखी काहीतरी होते, ज्याला त्या रात्री मला नाव देता आले नाही.

दुसरा दिवस : शनिवार

जत्रेचा मुख्य बाजार जुन्या शहरातील मादालेना नावाच्या वास्तूच्या आवारात, छताखाली भरतो. दार उघडायच्या आधीच आम्ही रांगेत होतो. आत शिरण्यापूर्वीच, कनातीच्या फटीतून, वास बाहेर येऊन आम्हांला भेटला. आत दोन्ही बाजूंना ट्रफलविक्रेत्यांची मेजे होती : शुभ्र कापडावर मांडलेले, मातीचा रंग अजून अंगावर असलेले, बटाट्याच्या ओबडधोबड गाठींसारखे ट्रफल, त्यांवर काचेची झाकणे, आणि प्रत्येक मेजामागे ते खणून आणणारा ‘त्रिफुलाऊ’ किंवा त्याच्या घरचे कोणी. विक्रीपूर्वी तज्ज्ञ परीक्षक येथला माल तपासतात. ते ट्रफल हाताने दाबून पाहतात, कारण चांगला ट्रफल घट्ट लागतो, मऊ पडला की तो उतरणीला लागला असे समजावे; मग नाकाशी धरतात; आणि रूप सर्वांत शेवटी विचारात घेतात. बाजारातच ग्राहकाला शंका विचारता येईल अशी खिडकीही आहे. शंभर ग्रॅमला काही शे युरो मोजाव्या लागणाऱ्या आणि दर हंगामानुसार चढणाऱ्या-उतरणाऱ्या वस्तूच्या बाबतीत ही व्यवस्था मला अत्यंत मोलाची वाटली.

या जत्रेमागे एका माणसाची दूरदृष्टी आहे, आणि तिची आठवण येथे जागोजागी निघते. जाकोमो मोर्रा हे आल्बातील हॉटेलचालक. १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी या कवकाला जत्रेचे रूप देण्याची कल्पना उचलून धरली, आणि पुढे दरवर्षीचा उत्तम ट्रफल जगातील एखाद्या प्रसिद्ध व्यक्तीला भेट पाठवण्याची प्रथा सुरू केली. १९४९ मध्ये तो रीटा हेवर्थ या अभिनेत्रीला गेला, १९५१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष हॅरी ट्रुमन यांना. ट्रफल त्याआधीही याच मातीत होता. तुरिनच्या वित्तोरियो पिको यांनी १७८८ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले, आणि त्यांचे आडनाव आजही त्याच्या शास्त्रीय नावापुढे लावले जाते. परंतु आल्बा आणि पांढरा ट्रफल ही दोन नावे जगाच्या तोंडी एकत्र बसवली ती मोर्रा यांनी.

अकरा वाजता आमचा ट्रफलच्या ज्ञानेंद्रियपरीक्षेचा वर्ग होता. दालनाच्या दारातच शिकवणाऱ्या बाईंनी प्रत्येकाचे हात हुंगून पाहिले. थंडीमुळे सकाळी मी हाताला सुवासिक क्रीम लावले होते. त्यांनी मला अतिशय सौम्यपणे, पण निश्चयाने, हात बिनवासाच्या साबणाने धुऊन येण्यास सांगितले. मी दोनदा धुऊन आले. वासाच्या परीक्षेला अत्तर, क्रीम, ताजी ओढलेली सिगारेट यांपैकी काहीही अंगावर घेऊन जाणे म्हणजे शेजारच्या दहा जणांचे नाक बंद करणे होय, हे मला कळायला हवे होते, आणि ते मी आता कधीही विसरणार नाही.

पुढचा तास या साऱ्या प्रवासात माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा ठरला. बाईंनी प्रत्येकाच्या हाती एक तुकडा हेझलनट दिला आणि नाक दोन बोटांनी घट्ट चिमटीत धरून तो चावायला सांगितला. तोंडात आले ते फक्त किंचित गोड, किंचित तेलकट असे काहीतरी. ते हेझलनट आहे हे डोळे मिटून मला ओळखता आले नसते. मग त्या म्हणाल्या, “आता नाक सोडा.” नाक सोडताच, घशामागून वर चढत, भाजलेल्या हेझलनटचा सारा खमंगपणा एका क्षणात डोक्यात भरला. जिभेला कळतात ती गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी (जुन्या चीजला असते तशी भरीव चव) एवढीच मूळ चवींची नावे. बाकी ज्याला आपण ‘चव’ म्हणतो ती बहुतांश तोंडाच्या मागच्या वाटेने नाकात पोहोचलेला वास असते. मी हे वाचलेले होते. पण त्या क्षणापर्यंत मी प्याल्यातले सारे काही जिभेवर शोधत आले होते, आणि म्हणूनच मला ते सापडत नव्हते.

मग ट्रफल आला, झाकणाखालच्या काचेच्या वाटीतून. बाईंनी वास एकदम ओळखण्याचा प्रयत्न करू नका असे सांगितले. फक्त एक एक प्रश्न विचारायचा : लसूण आहे का? मध आहे का? गवत? ओली माती? मसाले? होय किंवा नाही एवढेच उत्तर द्यायचे, आणि दोन हुंगण्यांच्या मध्ये थांबायचे, कारण नाक फार लवकर सरावते आणि मग समोरचा वास त्याला जाणवेनासा होतो. माझ्या बहिणीने सगळ्यांच्या आधी ‘आंबवलेले काहीतरी, जुन्या चीजच्या सालीसारखे’ असे म्हटले आणि बाईंनी मान डोलावली. आदल्या रात्री मला नाव देता न आलेले तेच होते! हा वास जमिनीखालच्या कवकाची गरज आहे, हेही तेव्हाच समजले. जमिनीवरच्या अळंबीचे बीजाणू वारा उडवून नेतो. जमिनीखालच्या ट्रफलला तो मार्ग नाही. म्हणून प्राण्यांना हाक मारणारा गंध निर्माण करायचा, त्यांनी आपल्याला उकरून खावे आणि बीजाणू दूर नेऊन टाकावेत, अशी ही योजना. पांढऱ्या ट्रफलच्या वासातला मुख्य गंधकयुक्त घटक प्रयोगशाळेतही बनवता येतो, आणि बाजारातल्या बहुसंख्य ‘ट्रफल तेलां’त तोच घातलेला असतो. बाईंनी तसे तेल एका पट्टीवर हुंगायला दिले. ते एकाच सुरात ओरडल्यासारखे वाटले. खऱ्या ट्रफलमधले मध, गवत, माती यांपैकी काहीच त्यात नव्हते.

दुपारी वाइनचे दालन. शुल्क भरले की काचेचा प्याला आणि तो गळ्यात अडकवायला कापडी पिशवी मिळते, आणि मग मेजामेजाने चाखत जायचे. येथे घाई करणाऱ्याचे नुकसान होते. आम्ही दोघींनी क्रम ठरवला : आधी पांढरी, मग कमी तुरट तांबडी, मग नेब्बिओलो, सर्वांत शेवटी गोड, आणि घोट गिळण्याऐवजी ठेवलेल्या भांड्यात थुंकायचा. थुंकणे असभ्य वाटून मी पूर्वी ते टाळत असे, पण दहा-बारा वाइन समजून घ्यायच्या असतील तर दुसरा मार्ग नाही, आणि येथे शेतकऱ्यांपासून तज्ज्ञांपर्यंत सारेच ते सहजपणे करत होते.

रोएरोची आर्नेइस ही पांढरी वाइन पहिली. १९७० च्या सुमारास हे द्राक्ष जवळपास नामशेष व्हायच्या बेतात होते. काही मोजक्या उत्पादकांनी ते पुन्हा लावले म्हणून आज ते टिकून आहे. पेअर आणि बदामाचा हलका वास मला, पहिल्यांदाच, कोणी न सांगता आला. दोल्चेत्तो या नावाचा अर्थ ‘लहानसे गोड’ असा असला तरी ती वाइन गोड नसते. तिच्या शेवटी बदामाच्या सालीचा कडवटपणा राहतो, आणि येथील घरांत ती रोजच्या जेवणाबरोबर असते. बार्बेरा आंबटपणाने जीभ जागी करते, तुरटपणा तिच्यात फारसा नाही, आणि म्हणून ती तेलकट, तुपकट पदार्थांना उत्तम. शेजारच्या मेजावर चीज होते : मेंढीच्या दुधाचे मुराझ्झानो, रोक्काव्हेरानोचे बकरीचे रोबिओला, आणि डोंगराळ कूनेओ भागातले ठिसूळ कास्तेलमान्यो. रोबिओलाचा मऊ, आंबूस तुकडा आर्नेइसबरोबर खाल्ला तेव्हा दोन्हींतला आंबटपणा एकमेकांत मिसळून नाहीसा झाला आणि फक्त दुधाचा गोडवा मागे राहिला. बहिणीने तोच तुकडा द्राक्षरसाबरोबर खाऊन पाहिला आणि तिला ती जोडी रुचली नाही. गोड रसापुढे चीज फिके पडते असे तिचे मत पडले, आणि ते बरोबर होते.

बाजार बंद व्हायच्या आधी आम्ही एक लहानसा, जेमतेम सुपारीएवढा ट्रफल विकत घेतला. निवडताना विक्रेत्याने तीन पुढे केले. आम्ही डोळे मिटून फक्त हुंगले, आणि सर्वांत वाकड्यातिकड्या दिसणाऱ्याला दोघींनीही न बोलता पसंती दिली. ज्या घरी आम्ही उतरलो होतो तेथील यजमानीणबाईंनी तो पाहताच कागदी रुमालात गुंडाळला, काचेच्या बरणीत ठेवला, आणि त्याच बरणीत दोन अंडी ठेवून झाकण लावले. अंड्याचे कवच सच्छिद्र असते, त्यातून वास आत जातो, असे त्यांनी खुणांनी आणि मोडक्या इंग्रजीत समजावले. “सोमवारी,” एवढेच म्हणून त्यांनी बरणी शीतकपाटात ठेवली.

तिसरा दिवस : रविवार

रविवारी बस अगदी मोजक्या, त्यामुळे भाड्याची गाडी घेऊन बहीण सारथ्य करत होती. लांगेच्या टेकड्या, रोएरो आणि मोनफेर्रातो यांसह, २०१४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या, त्या द्राक्षमळ्यांच्या भूदृश्यामुळे. धुके वर चढू लागले तसा हा प्रदेश हळूहळू उघडा झाला : प्रत्येक टेकडीच्या माथ्यावर एक गाव, एक मनोरा किंवा किल्ला, आणि माथ्यापासून पायथ्यापर्यंत उतारांवर विंचरल्यासारख्या द्राक्षवेलींच्या ओळी. नेब्बिओलोची तोडणी नुकतीच संपली होती. हे द्राक्ष वसंतात सर्वांच्या आधी फुटते आणि शरदात जवळपास सर्वांच्या नंतर पिकते, म्हणून त्याला टेकडीचा उन्हाकडे तोंड केलेला उतार देतात. थंड उतार इतर पिकांना किंवा हेझलनटच्या झाडांना.

ला मोर्रा गावाच्या चौकातून खाली पाहिले की बारोलोचा बहुतेक सारा प्रदेश एका नजरेत येतो. बारोलो वाइन अकरा गावांच्या हद्दीतच आणि फक्त नेब्बिओलोपासूनच करता येते; १९८० पासून तिला इटलीतील सर्वोच्च दर्जाचे नियमन लागू आहे. तोडणीच्या वर्षाच्या १ नोव्हेंबरपासून मोजून किमान ३८ महिने, त्यांतले १८ लाकडी पिंपात, ती मुरवावी लागते. ‘रिझेर्व्हा’ म्हणायची तर ६२ महिने. समोरच्या मळ्यातून आठवड्यापूर्वी उतरलेली द्राक्षे प्याल्यात बारोलो म्हणून येईपर्यंत तीन वर्षांहून अधिक काळ जाणार आहे, हे त्या कठड्याशी उभे राहून कळणे वेगळेच होते.

उतारावर एक रंगीबेरंगी, लहानसे प्रार्थनागृह दिसले. मळ्यात काम करणाऱ्यांना पावसात आसरा म्हणून बांधलेली, कधीच प्रार्थना न झालेली ही जुनी वास्तू १९९९ मध्ये सोल लेविट आणि डेव्हिड ट्रेमलेट या दोन कलावंतांनी रंगवली. आम्ही तेथे थोडाच वेळ थांबलो, कारण मला बारोलो गावी पोहोचण्याची ओढ होती.

बारोलोचा किल्ला फाल्लेत्ती घराण्याचा. एकोणिसाव्या शतकात मार्केझा (उमरावपत्नी) जुलिया फाल्लेत्ती यांनी येथील वाइनला मोठे नाव मिळवून देण्यात पुढाकार घेतला. आज वरच्या मजल्यांवर वाइनचे संग्रहालय आहे आणि तळघरात वेगवेगळ्या उत्पादकांची बारोलो छोट्या मापांत ओतून मिळते. तेथे मी ठरवून एकाच हंगामाच्या तीन वाइन मागितल्या, तीन गावांच्या : ला मोर्रा, बारोलो आणि सेर्रालुंगा. पश्चिमेकडच्या उतारांची माती निळसर चिकणमातीची, तुलनेने नवी. पूर्वेकडे सेर्रालुंगा आणि मोनफोर्तेच्या बाजूला ती अधिक जुनी, वालुकाश्म मिसळलेली. द्राक्ष एकच, हवामान जवळपास एकच, अंतर जेमतेम काही किलोमीटर. पहिल्या प्याल्यात वाळलेल्या गुलाबाच्या पाकळ्या होत्या. त्या होत्याच, मी तो शब्द आठवत नव्हते, नाकाने तो आपण होऊन पुढे केला. तिसऱ्या प्याल्यात गुलाब कुठेतरी मागे होता आणि पुढे आला तो डांबर, लोखंड आणि ज्येष्ठमधाचा काळसर वास. प्याला बहिणीपुढे धरला. तिने फक्त हुंगले आणि विचारले, “ताई, पाऊस पडून गेल्यावर तापलेल्या डांबरी रस्त्याला येतो तसा वास आहे ना हा?” मळ्यांबद्दल एक अक्षरही न वाचलेल्या तिने तो शब्द उच्चारला तेव्हा माझी जुनी शंका कायमची मिटली, ते शब्द पुस्तकवाल्यांनी रचलेले नव्हते.

नेब्बिओलोबाबत रंगावर विश्वास ठेवू नये. प्याल्यात ती विटेसारखी फिकट, पारदर्शक दिसते, आणि तोंडात गेल्यावर हिरड्या, गाल, जीभ सारे आकसून घेते. हा तुरटपणा खरे तर चव नसून स्पर्श आहे : टॅनिन ही वाइनमधली तुरट द्रव्ये लाळेतल्या प्रथिनांना बांधून टाकतात, लाळेचा गुळगुळीतपणा जातो आणि तोंड खरखरीत होते. म्हणूनच ही वाइन रिकाम्या पोटी पिण्याची नाही. तळघरातील विक्रेत्याने मला मांसाचा पातळ काप आणि चीजचा तुकडा खायला देऊन तोच प्याला पुन्हा चाखायला सांगितले. मघाचा खरखरीतपणा निम्म्याने ओसरला होता. लाकडाविषयी त्यांच्याशी बराच वेळ बोलणे झाले. क्रोएशियातील स्लावोनियाच्या ओक लाकडाची मोठमोठी जुनी पिंपे येथली जुनी रीत. १९८० च्या दशकात तरुण उत्पादकांच्या एका पिढीने फ्रान्ससारखी लहान, नवी पिंपे आणली, आणि त्यावरून बापलेकांत भांडणे झाली. आता दोन्ही बाजूंचा आग्रह निवळला आहे असे ते म्हणाले. मला मात्र मोठ्या पिंपातली बारोलो अधिक भावली, कारण नव्या लाकडाचा व्हॅनिलासारखा वास गुलाबाच्या वाटेत उभा राहतो.

परतताना ग्रिन्झाने कावूरचा किल्ला लागला. इटलीच्या एकीकरणाचे शिल्पकार कामिल्लो कावूर तरुणपणी सतरा वर्षे या लहानशा गावाचे महापौर होते, आणि आज याच किल्ल्यात पांढऱ्या ट्रफलचा जागतिक लिलाव होतो. तळघरातील विक्रेत्यांनी बोलता बोलता एक दुःखद गोष्टही सांगितली होती : १९८६ मध्ये याच प्रांतातून बाजारात गेलेल्या, मिथेनॉल मिसळलेल्या स्वस्त वाइनने वीसहून अधिक माणसांचे प्राण घेतले. त्याच वर्षी जवळच्या ब्रा गावातील कार्लो पेत्रिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केलेल्या संघटनेतून पुढे ‘स्लो फूड’ ही चळवळ उभी राहिली. अन्न कोठून आले, कोणी पिकवले, कसे केले, हे विचारण्याचा ग्राहकाचा हक्क येथे इतक्या गंभीरपणे का घेतला जातो, मातीपासून महिन्यांपर्यंत सारे काही लिहून का ठेवले जाते, हे त्या संध्याकाळी किल्ल्याच्या तटाशी मला अधिक नीट समजले.

चौथा दिवस : सोमवार

पहाटे सहाला, अजून उजाडलेले नसताना, एका त्रिफुलाऊंबरोबर आम्ही ओढ्याकाठच्या रानात होतो. त्यांचे वय सत्तरीच्या पुढचे. बरोबर मिश्र जातीची, भुऱ्या केसांची कुत्री, जिला येथील बोलीत ‘ताबुई’ म्हणतात. निघतानाच त्यांनी बजावले की काहीही न सापडण्याची शक्यता आहे, आणि तसे झाले तर रानाला दोष देऊ नये. पूर्वी काही भागांत डुकरेही वापरत. १९८५ च्या कायद्यानुसार शोध कुत्र्यानेच घ्यावा लागतो, परवान्यासाठी परीक्षा द्यावी लागते, आणि खणलेला खड्डा बुजवणे बंधनकारक आहे. ट्रफलशोधाची ही कला आणि तिच्यातले परंपरागत ज्ञान २०२१ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेले.

पहिला तास काहीच नाही. पॉपलर, ओक आणि लिंडनच्या झाडांखालून कुत्री नाक जमिनीला लावून फिरत होती आणि ते तिच्याशी पिएमोंतेच्या बोलीत हलक्या आवाजात बोलत होते. ट्रफल या झाडांच्या मुळांना पाणी आणि खनिजे पुरवतो आणि बदल्यात झाडाकडून साखर घेतो. झाड तोडले की ट्रफल गेला. उन्हाळे कोरडे होत चालले आहेत, ओढ्याकाठची झाडे कमी होत आहेत, पूर्वी एका रात्रीत जेवढे मिळे तेवढे आता आठवड्यात मिळत नाही, हे त्यांनी कुरकुरीच्या सुरात नव्हे, घरातल्या आजारी माणसाविषयी बोलावे तसे सांगितले. काळ्या ट्रफलच्या बागा लावता येतात. पांढरा अजूनही मुख्यतः रानाच्या मर्जीवर आहे.

मग कुत्री एका पॉपलरशी थांबली, शेपूट ताठ झाली, आणि ती पुढच्या पायांनी उकरू लागली. त्रिफुलाऊ गुडघ्यांवर बसले, तिला खाऊ देऊन बाजूला केले, आणि लहान कुदळीने नव्हे, बोटांनीच माती सारू लागले. थोड्या वेळाने त्यांनी मूठभर माती उचलून माझ्या नाकाशी धरली. ट्रफल अजून दिसत नव्हता, पण मातीला त्याचा वास आला होता. तो निघाला तो अक्रोडाएवढा. त्यांनी तो पुसला नाही, विकायचा कोणाला हेही बोलले नाहीत. खड्डा बुजवला, वर पाने पसरली, पायाने हलकेच दाबली, आणि मगच ट्रफल खिशात ठेवला.

नऊ वाजता आम्ही परत आलो. यजमानीणबाईंनी बरणी काढली. झाकण उघडताच स्वयंपाकघरात गवत, मध आणि लसूण एकदम पसरले. त्यांनी लहान तव्यात लोणी वितळवले, अंडी फोडली, पांढरे जेमतेम धरले तशी आच बंद केली, आणि ताटात काढलेल्या त्या थरथरत्या पिवळ्या बलकांवर सारा ट्रफल किसून टाकला. बाजूला पावाचा एक तुकडा. दुसरे काही नाही.

पहिला घास मी नाक चिमटीत धरून घेतला. मऊ, कोमट, जरासे खारट. समोर बहीणही तेच करत होती. मग आम्ही दोघींनी एकदमच हात खाली घेतले, आणि शुक्रवारी रात्री अर्धेच ओळखता आलेले ते सारे, एकामागून एक, आपापल्या नावानिशी वर आले : मध, गवताची गंजी, चीजची साल, आणि सर्वांत शेवटी पहाटेची, ओढ्याकाठची, मुठीतली माती.